शाळेच्या लायब्ररीतल्या पुस्तकांना वर्गांक कसे द्यायचे: गोव्यातल्या नवीन शिक्षकांसाठी

लायब्ररीचा चार्ज अचानक हातात आलेल्या शिक्षकांसाठी हे लिहितेय. गोव्यातल्या बऱ्याच शाळांत ट्रेनिंग घेतलेला लायब्रेरियन नसतो, मग भाषा शिकवणाऱ्याकडे किंवा ज्याचे पिरियड कमी आहेत त्याच्याकडे कपाटाच्या किल्ल्या येतात आणि वर सांगितलं जातं की इन्स्पेक्शनच्या आधी सगळ्या पुस्तकांना नंबर घालून ठेवा. नंबर म्हणजे इथे वर्गांक, पुस्तकाच्या विषयाचा आकडा, पण ते कोणी सांगत नाही. इंटरनेटवर जे सापडतं ते बी.लिब.च्या (ग्रंथालयशास्त्राच्या पदवीच्या) परीक्षेसाठी लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे एकाच कपाटात मराठी, देवनागरी कोंकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी, हिंदी, इंग्रजी आणि कोणाच्या तरी आजोबांची पोर्तुगीज पुस्तकं असतात, त्यांचं काय करायचं ते त्यात कुठेच नसतं.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. बऱ्याच पुस्तकांना दोन बरोबर नंबर असू शकतात. त्यातला एक निवडा, का निवडला ते वहीत लिहा, आणि पुढच्या वेळी तसलंच पुस्तक आलं की वही उघडून तोच द्या. मी तिला निर्णयवही म्हणते. साधी दोनशे पानी वही चालते.

१. आधी काय काय लागेल

- ॲक्सेशन रजिस्टर, म्हणजे दाखलनोंद वही. जुनं असेल तर तेच पुढे चालवा, नवीन सुरू करू नका.
- निर्णयवही.
- डेवी दशांश वर्गीकरणाचे, म्हणजे विषयांना आकडे द्यायच्या पद्धतीचे, खंड. २३वी आवृत्ती २०११ ची आहे, चार खंडांची, महाग आहे, शाळेला परवडत नाही. कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन बघा, जुनी आवृत्ती मिळाली तरी काम होतं.
- शाळेचा शिक्का, मऊ पेन्सिल, लेबलं, चांगला डिंक, कात्री.
- कॉम्प्युटरवर एक्सेल. पुढे कोहा किंवा ई-ग्रंथालय ही लायब्ररीची सॉफ्टवेअर वापरायची असतील तर त्याचा विचार नंतर करा, आधी यादी नीट होऊ दे.

एक अर्धा दिवस काढून पणजीला पाट्टोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन या. १८३२ साली सुरू झालेली ही लायब्ररी आहे, गोव्यातली पुस्तकं कशी लावतात ते बघायला याहून चांगली जागा नाही. रॅकसमोर उभं राहून पुस्तकांच्या पाठीवरची लेबलं वाचत सुटायचं, तिथल्या लोकांना विचारायचं, वहीत उतरवून घ्यायचं. वाचून जे डोक्यात शिरत नाही ते तिथे दोन रॅक बघितले की शिरतं.

२. नंबर द्यायच्या आधी छाटणी

कसर लागलेली, वाळवीने खाल्लेली, पानं गळालेली पुस्तकं आधी बाजूला काढा. त्यांना नंबर देण्यात वेळ घालवू नका. पण रजिस्टरमधून नाव परस्पर खोडायचं नाही हां, तुमच्या शाळेच्या पद्धतीप्रमाणे यादी करून हेडमास्तरांची किंवा मॅनेजमेंटची सही घ्या आणि मगच शेऱ्याच्या रकान्यात लिहा. पाठ्यपुस्तकांचे संच आणि मासिकं यांनाही वर्गांक देऊ नका, पाठ्यपुस्तकं इयत्तेप्रमाणे आणि मासिकं महिन्याप्रमाणे वेगळी ठेवली की झालं.

उरलेल्या प्रत्येक पुस्तकावर दाखल क्रमांक आहे ना ते बघा. दाखल क्रमांक आणि वर्गांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. दाखल क्रमांक त्या एका प्रतीचा, एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर पाच वेगळे क्रमांक. वर्गांक विषयाचा, पाचही प्रतींना एकच.

३. दहा वर्ग पाठ करा

अमेरिकेतल्या मेल्विल डेवीने १८७६ साली ही पद्धत काढली. आपल्या भारतातले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची कोलन वर्गीकरण पद्धत १९३३ ची, विचार म्हणून ती फार खोल आहे आणि शिकण्यासारखी आहे, पण शाळेत मुलांनी स्वतः पुस्तक शोधायचं असेल तर डेवीचे साधे आकडे बरे पडतात.

००० कॉम्प्युटर, ज्ञानकोश, सर्वसाधारण
१०० तत्त्वज्ञान, मानसशास्त्र
२०० धर्म
३०० समाज, राजकारण, कायदा, शिक्षण, सण, लोककथा
४०० भाषा, व्याकरण, शब्दकोश
५०० विज्ञान, गणित
६०० तंत्रज्ञान, आरोग्य, शेती, स्वयंपाक
७०० कला, संगीत, नाटक, खेळ
८०० साहित्य
९०० इतिहास, भूगोल, चरित्र

हे स्टाफरूमच्या टेबलावर काचेखाली लावून ठेवा, आठवड्याभरात तोंडात बसतं.

खंड हातात असतील तर विषय चौथ्या खंडातल्या सूचीत शोधा, पण तिथला आकडा थेट पुस्तकावर चढवू नका, दुसऱ्या-तिसऱ्या खंडात जाऊन तो आकडा आणि त्याच्या खालच्या सूचना वाचा. सूचीत एकच विषय पाच ठिकाणी दिसतो, कुठल्या अंगाने लिहिलंय त्यावर ठिकाण बदलतं. जुनी आवृत्ती असेल तर दोन गोष्टी सांभाळा: १९व्या आवृत्तीपर्यंत कॉम्प्युटर ००१.६ मध्ये होता, आता ००४ ते ००६. पर्यावरणाचं जीवशास्त्र पूर्वी ५७४.५ होतं, आता ५७७.

इंग्रजी पुस्तक असेल तर आधी टायटल पानाच्या मागची बाजू बघा, बऱ्याच प्रकाशकांनी तिथे डेवीचा आकडा छापलेला असतो, आयता मिळतो. मराठी-कोंकणी पुस्तकात तो क्वचितच असतो.

४. भाषा आधी ओळखा, लिपी नव्हे

हा टप्पा गोव्यात सगळ्यात महत्त्वाचा. साहित्याचा वर्गांक भाषेवर ठरतो. मराठी आणि कोंकणी दोन्ही देवनागरीत, त्यामुळे नुसतं कव्हर बघून ढीग करायला बसलं की अर्धी कोंकणी पुस्तकं मराठीत जातात. आतलं एक पान वाचा. आठवी-नववीची मुलं मदतीला असतील तर त्यांना सांगा, 'आनी', 'आसा' दिसलं की कोंकणी, 'आणि', 'आहे' दिसलं की मराठी. आणि रोमी कोंकणीचं पुस्तक इंग्रजीच्या ढिगात जात नाही ना तेही बघा, रोमन अक्षरं दिसली की मुलं तिकडेच टाकतात.

रोज लागणारे आकडे हे:

मराठी कविता ८९१.४६१
मराठी नाटक ८९१.४६२
मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३
मराठी निबंध, ललित ८९१.४६४
मराठी विनोदी लेखन ८९१.४६७
कोंकणी साहित्य ८९१.४६९, मग त्याच्यापुढे प्रकाराचा आकडा: कविता ८९१.४६९१, नाटक ८९१.४६९२, कथा-कादंबरी ८९१.४६९३
हिंदी कथा-कादंबरी ८९१.४३३
इंग्रजी कथा-कादंबरी ८२३
पोर्तुगीज साहित्य ८६९

शेवटचा आकडा बघा, १ कविता, २ नाटक, ३ कथा, ४ निबंध, सगळ्या भाषांत तेच. हे लक्षात आलं की निम्मं काम संपलं, कारण शाळेच्या लायब्ररीत निम्म्याहून जास्त पुस्तकं ८०० चीच असतात.

लेखक एक आणि भाषा दोन असंही होतं. बा. भ. बोरकरांनी मराठीतही लिहिलं आणि कोंकणीतही, तर त्यांचा मराठी संग्रह ८९१.४६१ मध्ये आणि कोंकणी ८९१.४६९१ मध्ये जाणार. एकाच कवीची पुस्तकं दोन ठिकाणी बघून कोणीतरी विचारणारच, त्यांना हे कारण सांगा.

भाषेसाठी मी लेबलच्या सगळ्यात वरच्या ओळीत एक खूण घालते: म, को, हिं, इं, पो, आणि रोमीसाठी को-रो. लिपी बदलली म्हणून वर्गांक बदलत नाही, खूण बदलते. कथा-कवितांचे रॅक आधी या खुणेप्रमाणे लावायचे आणि त्याच्या आत वर्गांकाप्रमाणे. माहितीची पुस्तकं मात्र भाषा न बघता एकाच क्रमात लावा, म्हणजे सापांवरचं मराठी पुस्तक आणि इंग्रजी पुस्तक शेजारी शेजारी येतं, आणि मराठी माध्यमातून आलेलं मूल चित्रं बघत बघत इंग्रजीही उघडतं. यासाठी मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

अनुवादाचं काय? डेवीच्या नियमाप्रमाणे अनुवादाला मूळ भाषेचा आकडा. बंगाली कादंबरी मराठीत आली तरी ८९१.४४३. पण वर खूण 'म' आहे, त्यामुळे ती मराठीच्या रॅकवरच राहते, मुलांना शोधावी लागत नाही.

५. पुस्तक नेमकं कशाबद्दल आहे

नाव वाचून नंबर देऊ नका. अनुक्रमणिका, प्रस्तावना, मलपृष्ठ, आणि मधली दोन पानं, एवढं तरी बघा. मग स्वतःला विचारा की कुठल्या मुलाला, कुठल्या कामासाठी हे लागेल.

तियात्राचं उदाहरण घ्या. तियात्राची संहिता छापलेली असेल तर ते कोंकणी नाटक, ८९१.४६९२. तियात्र कसा सुरू झाला, कोण कलाकार, स्टेज कसं असतं अशी माहिती असेल तर ७९२. देवळांवरच्या पुस्तकांचंही तसंच. दीपमाळ, घुमट, सभामंडप कसे बांधले याबद्दल असेल तर ७२६, देव, पूजा, जत्रा याबद्दल असेल तर २९४.५ च्या खाली. शिगमो, चवथ असे सण लोक कसे साजरे करतात ते सांगणारं ३९४.२६. मासे प्राणी म्हणून ५९७, मासेमारी ६३९.२, माशांची हुमण कशी करायची ते ६४१.६९२. मायनिंग ६२२. फुटबॉल ७९६.३३४, क्रिकेट ७९६.३५८. साप ५९७.९६, पक्षी ५९८.

६. गोंधळाच्या जागा

यातली प्रत्येक गोष्ट निर्णयवहीत जायला हवी, मी काय ठरवलं ते सांगते, तुम्ही वेगळं ठरवलंत तरी चालेल पण लिहून ठेवा.

रामायण २९४.५९२२, महाभारत २९४.५९२३, गीता २९४.५९२४. ज्ञानेश्वरी गीतेवरची टीका म्हणून २९४.५९२४ मध्ये देता येते आणि मराठी काव्य म्हणून ८९१.४६१ मध्येही. मी गीतेजवळ ठेवते, कारण ज्याला एक हवी असते त्याला बहुतेक दुसरीही बघायची असते. तुकारामांचे अभंग मात्र ८९१.४६१, मराठीच्या तासाला मुलं तिथेच शोधायला येतात. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, १६१६ साली इथेच रायतूरला छापलेलं, विषय बघितला तर ख्रिस्ती धर्म, पण आहे मराठी ओवीत. तेही मी ८९१.४६१ ला दिलं. गोव्यातल्या मुलाला आपल्या भूमीत छापलेलं मराठी काव्य मराठी काव्यातच सापडलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पंचतंत्र, अकबर-बिरबल, देशोदेशीच्या लोककथा, सगळं ३९८.२. हे ८०० मध्ये टाकायचा मोह होतो. म्हणी ३९८.९, कोडी ३९८.६.

चरित्रं. डेवीत चरित्र विषयाखाली देता येतं किंवा ९२० मध्ये एकत्र ठेवता येतं. शाळेत सरळ ९२० घ्या आणि लेबलवर लेखकाच्या नावाऐवजी ज्याचं चरित्र त्याची अक्षरं घाला. मूल 'गांधीजींचं पुस्तक द्या' म्हणतं, लेखक कोण ते त्याला माहीत नसतं. गोवा मुक्तिलढ्यातल्या माणसांची चरित्रंही इथेच, लढ्याचा इतिहास मात्र ९५४ खाली.

शब्दकोश. मराठी-मराठी कोश ४९१.४६३. हा आकडा मराठी कादंबरीच्या ८९१.४६३ सारखा दिसतो, पहिला आकडा चुकला की शब्दकोश कादंबऱ्यांत जाऊन बसतो आणि वर्षभर सापडत नाही. इंग्रजी-मराठी कोश ४२३, कारण शब्द शोधायचा असतो तो इंग्रजी.

योग. आसनं आणि व्यायाम ६१३.७, तत्त्वज्ञान १८१.४५.

गोव्यावरची पुस्तकं. इतिहास ९५४ मध्ये जातो, त्यापुढे गोव्याचा आकडा पहिल्या खंडातल्या दुसऱ्या टेबलमधून घ्या, आणि जी आवृत्ती तुमच्याकडे आहे तिच्यातलाच सगळ्या पुस्तकांना लावा, दोन आवृत्त्यांची भेसळ नको. याशिवाय मी लेबलच्या कोपऱ्यात 'गो' अशी खूण करते आणि ही सगळी पुस्तकं वेगळ्या रॅकवर ठेवते. गोव्यावरचे प्रोजेक्ट दरवर्षी येतात, किल्ले, नद्या, लोकनृत्यं, १९६१ ची मुक्ती, आणि शंभर मुलं एकदम येऊन उभी राहतात, तेव्हा एका रॅककडे बोट दाखवता येतं. वर्गांक मात्र बदलायचा नाही.

७. दशांशानंतर किती आकडे

दोन-तीन हजार पुस्तकांच्या लायब्ररीत माहितीच्या पुस्तकांना तीन आकडे आणि फार तर दशांशानंतर दोन-तीन पुरतात. एका आकड्यावर पंधरा-वीस पुस्तकं जमली की मग पुढचा आकडा जोडा. साहित्य आणि २९४.५९ मात्र कापू नका. ८९१.४ वर थांबलात तर मराठी, हिंदी, बंगाली, गुजराती, कोंकणी सगळं एकाच आकड्याखाली येतं आणि नंबर दिला काय न दिला काय सारखंच.

८. लेखकाची अक्षरं

वर्गांकाखाली लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरं. मराठीत मी काना-मात्रासकट दोन अक्षरं घेते, बोरकर म्हणजे 'बोर'मधलं बो आणि र. इंग्रजी पुस्तकाला रोमन तीन अक्षरं. पण आपल्याकडे नाईक, गावकर, प्रभुदेसाई, फर्नांडिस इतके आहेत की दोन अक्षरांत काहीच वेगळं होत नाही, म्हणून मी पुढे लेखकाच्या नावाचं पहिलं अक्षर जोडते: 'नाई-र', 'नाई-प'. डिसोझा, डिसौझा, डी सूझा असं एकच आडनाव तीन तऱ्हेने छापलेलं असतं, तुम्ही कुठलं धरणार ते वहीत लिहा. टोपणनावाने लिहिणाऱ्यांचंही तसंच, एकच नाव धरा.

९. लेबल लावणं

आधी टायटल पानाच्या मागे पेन्सिलने वर्गांक लिहा. लेबल पडलं तरी हा राहतो, आणि चुकलं तर खोडता येतो. शाईने लिहू नका.

लेबल पुस्तकाच्या पाठीवर, खालून साधारण एक इंच सोडून, सगळ्यांवर एकाच उंचीला. पुठ्ठ्याचं एक माप कापून घ्या म्हणजे मुलांनाही लावता येतं. पुस्तक पातळ असेल तर पुढच्या कव्हरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात. लेबलवर अंक देवनागरी की इंग्रजी ते एकदा ठरवा, मिसळू नका. माझं मत इंग्रजी अंक, कारण माहितीची पुस्तकं सगळ्या भाषांची एका क्रमात आहेत.

हे काम जून-जुलैत काढू नका. आपल्याकडच्या पावसात डिंक सुकतच नाही, लेबलाखाली बुरशी धरते आणि पुस्तकं एकमेकांना चिकटतात. चवथ होऊ दे, दिवाळी होऊ दे, मग मार्चपर्यंत निवांत करा. वरून साधी सेलोटेप लावायची सवय असते, ती दोन वर्षांत पिवळी पडून सुटते आणि कव्हरचा रंगही घेऊन जाते, लावूच नका. जुन्या पोर्तुगीज पुस्तकांना तर डिंक लावायचाच नाही, कागदाची लांब पट्टी आत घालून तिच्या वर आलेल्या टोकावर नंबर लिहा.

१०. एक्सेलमध्ये भरताना

वर्गांकाचा रकाना नंबर भरायच्या आधी 'टेक्स्ट' करा. नाहीतर ००४ चा ४ होतो, ०३० चा ३० होतो आणि सॉर्ट केल्यावर सगळं इकडचं तिकडे. रकाने एवढे पुरे: दाखल क्रमांक, भाषेची खूण, वर्गांक, लेखकाची अक्षरं, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, वर्ष, रॅक. रजिस्टरमध्येही वर्गांकाचा रकाना असतो, तो रिकामा ठेवू नका, कॉम्प्युटर बंद पडला तर तोच उपयोगी पडतो.

११. रॅकवर लावताना

दशांशानंतरचे आकडे एकेक करून वाचायचे. ७९६.३५८ आधी येतं, ७९६.४२ नंतर. मुलांना ३५८ मोठा वाटतो, म्हणून क्रिकेट ॲथलेटिक्सच्या नंतर लावून ठेवतात. दशांश अपूर्णांक शिकलेल्या वर्गाला एक तास लायब्ररीत आणून दहा-बारा पुस्तकं क्रमाने लावायला द्या, गणिताच्या शिक्षकांनाही बोलवा.

प्रत्येक रॅकच्या शेवटी वीतभर जागा सोडा, नवीन पुस्तकं येतात तेव्हा सगळं सरकवत बसावं लागत नाही. वाचून झालेलं पुस्तक मुलांनी परत रॅकवर ठेवू नये, टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवावं, आणि दिवसाच्या शेवटी ठरलेल्या दोघा-तिघांनी लावावं.

ज्या पुस्तकाचा नंबर ठरतच नाही त्याच्यासाठी एक छोटा खण ठेवा. अंदाजे नंबर देऊन रॅकवर ढकलू नका. अशी आठ-दहा जमली की यादी करून जवळच्या कॉलेजच्या लायब्रेरियनना दाखवा, त्यांना हे काम रोजचं असतं, एका बसण्यात सांगतात. त्यांनी काय सांगितलं आणि का, ते त्याच दिवशी निर्णयवहीत उतरवा, आणि बदली झाली किंवा चार्ज दुसऱ्याकडे गेला की किल्ल्यांबरोबर ती वही आणि एक्सेलची कॉपी सही घेऊन द्या.